पित्तनलिकेचा संसर्ग : अँटिबायोटिकनं ताप उतरतो, मग बदलापूरच्या रुग्णाला मुंबई का गाठावी लागते?

नोव्हेंबर २०२५ मध्ये 'ई-क्लिनिकल मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकातल्या एका अभ्यासाची देशभर चर्चा झाली. हैदराबादच्या एआयजी रुग्णालयातल्या डॉक्टरांचा पुढाकार असलेल्या या अभ्यासात भारत, इटली, अमेरिका आणि नेदरलँड्स या चार देशांतल्या बाराशेहून जास्त रुग्णांची तपासणी करण्यात आली. अनेक अँटिबायोटिक्सना दाद न देणारे जिवाणू किती जणांच्या शरीरात आहेत, हे त्यात पाहिलं गेलं. नेदरलँड्समध्ये हे प्रमाण सुमारे ११ टक्के निघालं, अमेरिकेत २०, इटलीत साडेएकतीस आणि भारतात ८३ टक्के.

'सुपरबग' या शब्दासोबत ही बातमी सगळीकडे फिरली आणि दोन-चार दिवसांत मागेही पडली. पण हे रुग्ण नेमके कोण होते, हा तपशील अनेकांच्या नजरेतून सुटला. ते सगळे ईआरसीपी नावाच्या प्रक्रियेसाठी रुग्णालयात आले होते. ही प्रक्रिया पित्तनलिकेतला अडथळा काढण्यासाठी केली जाते. म्हणजे ज्यांच्या पित्तनलिकेत संसर्ग होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त, नेमक्या त्याच लोकांच्या शरीरात औषधांना न जुमानणारे जिवाणू सापडले.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यात राहणाऱ्यांसाठी या आकड्याचा अर्थ आणखी थोडा वेगळा आहे. या आजारात अँटिबायोटिक रुग्णाला वेळ मिळवून देतं आणि त्या वेळेत तुंबलेली नळी मोकळी करावी लागते. नळी मोकळी करण्याची सोय घराजवळ नसेल, तर हा वेळ जास्त लागतो. आणि औषधाची ताकद कमी झाली, की तोच वेळ आटतो. हे गणित नेमकं कसं चालतं, ते समजून घेऊ.

पित्तनलिकेत नेमकं काय होतं?

आपलं यकृत दिवसभर पित्त तयार करत असतं. हा हिरवट-पिवळा द्रव एका नळीतून लहान आतड्यात उतरतो आणि तेलतूप पचवायला मदत करतो. वाटेत पित्ताशय नावाची एक छोटी पिशवी लागते, तिथे जास्तीचं पित्त साठतं. निरोगी माणसाच्या या नळीत जिवाणू जवळजवळ नसतात. पित्त सतत वाहत असतं, त्यामुळे ते आत टिकत नाहीत.

गडबड होते ती प्रवाह अडला की. सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे पित्ताचा खडा. पित्ताशयात तयार झालेला खडा घसरून मुख्य नळीत येतो आणि खालच्या टोकाला अडकतो. काही जणांमध्ये नळी आक्रसलेली असते, काहींमध्ये स्वादुपिंडाची किंवा पित्तमार्गाची गाठ तिला दाबते, तर काहींमध्ये आधी बसवलेली प्लास्टिकची नळी, म्हणजे स्टेंट, तुंबतो.

प्रवाह थांबला की आतड्यातले जिवाणू त्या साचलेल्या पित्तात वाढू लागतात. यात इकोलाय आणि क्लेब्सिएला हे सर्वात जास्त सापडतात, त्यांच्या खालोखाल एन्टरोकोकस. पुढचा टप्पा जास्त गंभीर आहे. नळीतला दाब वाढत जातो आणि एका मर्यादेपुढे जिवाणू आणि त्यांचं विष यकृतातून थेट रक्तात ढकललं जातं. म्हणूनच पित्तनलिकेचा संसर्ग काही तासांत पूर्ण शरीराचा संसर्ग होऊ शकतो. डॉक्टर याला 'कोलँजायटिस' म्हणतात.

फ्रेंच डॉक्टर शार्को यांनी १८७७ मध्ये या आजाराची तीन लक्षणं एकत्र सांगितली होती : थंडी वाजून ताप, कावीळ आणि पोटात उजवीकडे वरच्या बाजूला दुखणं. १९५९ मध्ये रेनॉल्ड्स यांनी त्यात आणखी दोन जोडली : रक्तदाब घसरणं आणि रुग्ण असंबद्ध बोलू लागणं. पाचही लक्षणं दिसली तर रुग्णाच्या जिवाला धोका आहे, असं समजायचं. अर्थात प्रत्येक रुग्णात तीनही लक्षणं एकदम दिसतीलच असं नाही. वयस्कर माणसांमध्ये तर कधी कधी फक्त गळून गेल्यासारखं वाटणं आणि ताप एवढंच दिसतं.

'पित्त झालंय' आणि 'कावीळ झालीय' : ओळखण्यात गल्लत कुठे होते?

आपल्याकडे या आजाराच्या निदानात एक अडचण भाषेचीच आहे. मराठीत 'पित्त झालंय' याचा रोजचा अर्थ ॲसिडिटी. उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं, जेवण नकोसं झालं, उलटी झाली, की घरात पहिलं वाक्य हेच असतं. मग मेडिकलमधून ॲसिडिटीची गोळी येते, कोकम सरबत होतं, थंड दूध होतं. छातीत जळजळ करणारं आम्ल जठरातलं असतं. यकृतातलं पित्त आणि त्याची नळी हे पूर्ण वेगळं प्रकरण आहे. पण शब्द एकच असल्यामुळे एखाद-दोन दिवस इथेच जातात.

दुसरी गल्लत काविळीची. ठाणे जिल्ह्याच्या या भागात कावीळ म्हटलं की पहिल्यांदा आठवतं ते दूषित पाणी. पावसाळ्यात हिपॅटायटिस ए आणि ई पसरतात, हे खरंच आहे. त्यामुळे डोळे पिवळे दिसले की 'पाण्याची कावीळ' असं घरीच ठरतं. ऊसाचा रस, बिनतेलाचं जेवण, झाडपाल्याचं औषध आणि गळ्यात काविळीची माळ असा क्रम सुरू होतो. विषाणूजन्य काविळीतले बरेच रुग्ण विश्रांतीनं आपोआप बरे होतात, म्हणून या उपायांवरचा विश्वासही टिकून राहतो.

पण तुंबलेल्या नळीची कावीळ आपोआप बरी होईल, यावर विसंबून राहता येत नाही. दोन्हींत फरक ओळखायला एक ढोबळ खूण उपयोगी पडते. विषाणूच्या काविळीत साधारणपणे ताप आधी येतो आणि डोळे पिवळे व्हायला लागेपर्यंत तो ओसरतो. कावीळ दिसत असतानाच हुडहुडी भरून ताप येत असेल, सोबत पोटात दुखत असेल, तर थांबायची वेळ निघून गेली आहे असं समजावं. लघवी गडद, शौचाचा रंग मातीसारखा फिकट आणि अंगाला खाज ही पित्ताचा रस्ता अडल्याची आणखी चिन्हं.

ही खूण निदानाची जागा घेत नाही. पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिस आणि मलेरियामध्येही ताप आणि कावीळ एकत्र दिसू शकतात. पण त्या आजारांनाही त्याच दिवशी डॉक्टरकडेच जावं लागतं, माळेकडे नाही. पुढची पायरी साधी आहे : रक्ताची तपासणी, यकृताची चाचणी आणि पोटाची सोनोग्राफी. नळी फुगलेली आहे का, पित्ताशयात खडे आहेत का, हे सोनोग्राफीत बहुतेक वेळा कळतं. नळीच्या अगदी खालच्या टोकातला खडा मात्र तिच्यातून निसटू शकतो. अशा वेळी एमआरसीपी नावाची एमआरआय तपासणी लागते.

अँटिबायोटिक काय करतं आणि काय करू शकत नाही?

कोलँजायटिसच्या उपचारासाठी जगभर 'टोकियो मार्गदर्शक तत्त्वं' वापरली जातात. २००७ मध्ये ती पहिल्यांदा आली आणि २०१८ मध्ये शेवटची मोठी सुधारणा झाली. त्यात आजाराच्या तीन पायऱ्या केल्या आहेत : सौम्य, मध्यम आणि तीव्र. किडनी, फुप्फुसं, मेंदू किंवा रक्ताभिसरण यांपैकी काही बिघडायला लागलं, की आजार तीव्र.

अँटिबायोटिक तिन्ही पायऱ्यांवर लागतं आणि लगेच लागतं. रक्तदाब घसरून सेप्टिक शॉक असेल तर एका तासाच्या आत, इतरांना निदानानंतर सहा तासांच्या आत पहिला डोस जावा, असं ही तत्त्वं सांगतात. सलाइन आणि इंजेक्शन सुरू झालं की अनेकांचा ताप उतरतो, भूक लागते, आणि नातेवाइकांना वाटतं की संकट टळलं.

खरी अडचण इथूनच पुढे असते. अँटिबायोटिक रक्तातल्या जिवाणूंवर चांगलं काम करतं. पण नळी तुंबलेली असताना बरीच औषधं पित्तात पुरेशा प्रमाणात उतरतच नाहीत. जिथे जिवाणूंचा मूळ साठा आहे तिथे औषध कमी पोहोचतं, आणि नळीतला दाब तसाच राहतो. तुंबलेल्या गटारात कितीही फिनेल ओतलं तरी आधी बोळा काढावाच लागतो, तसंच हे.

बोळा काढण्याचं काम ईआरसीपी करते. तोंडातून दुर्बीण लहान आतड्यापर्यंत नेली जाते, पित्तनलिकेचं तोंड थोडं कापून रुंद केलं जातं आणि फुग्यानं किंवा छोट्या जाळीनं खडा बाहेर ओढला जातो. रुग्णाची तब्येत खूप नाजूक असेल, तर खडा नंतरसाठी ठेवून आधी फक्त स्टेंट टाकून पित्ताला वाट करून दिली जाते. तेही शक्य नसेल, तर पोटाच्या बाहेरून यकृतात सुई घालून नळी टाकतात.

ही पद्धत येण्याआधी पोट उघडून शस्त्रक्रिया करावी लागत असे. १९९२ मध्ये हाँगकाँगमधल्या डॉक्टरांनी तीव्र कोलँजायटिसच्या ८२ रुग्णांवर दोन्ही पद्धतींची तुलना प्रसिद्ध केली. शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ३२ टक्के रुग्ण रुग्णालयात दगावले, दुर्बिणीनं नळी मोकळी केलेल्यांमध्ये हे प्रमाण १० टक्के होतं. त्यानंतर जगभर दुर्बीण हाच पहिला पर्याय ठरला.

आता वेळेचा हिशेब बघा. युरोपातल्या एंडोस्कोपी तज्ज्ञांच्या संघटनेनं २०१९ मध्ये दिलेल्या शिफारशींनुसार, सेप्टिक शॉकमधल्या रुग्णाची नळी १२ तासांच्या आत मोकळी व्हायला हवी. मध्यम आजारात ४८ ते ७२ तासांच्या आत, आणि सौम्य आजारात तारीख ठरवून. मधला हा सगळा वेळ रुग्णाला अँटिबायोटिकच्या जोरावर काढायचा असतो.

औषध कोणतं आणि किती दिवस?

सौम्य आजारात सेफ्ट्रिॲक्सोन किंवा सेफोपेराझोन-सलबॅक्टमसारखं इंजेक्शन सुरू करण्याची पद्धत आहे. आजार गंभीर असेल, तर पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम किंवा मेरोपेनेमसारखी जास्त ताकदीची औषधं येतात. रुग्ण आधी रुग्णालयात राहून आला आहे का, गेल्या काही महिन्यांत अँटिबायोटिक घेतलं होतं का, आधीचा स्टेंट आहे का, किडनी कशी आहे, यावर निवड बदलते. म्हणून शेजाऱ्याला लागू पडलेलं इंजेक्शन आपल्यालाही चालेल, असं गृहीत धरता येत नाही.

निवडीइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे कल्चर. पहिला डोस देण्याआधी रक्ताचा नमुना घेतला, तर दोन-तीन दिवसांत कोणता जिवाणू आहे आणि कोणतं औषध त्याला मारतं हे कळू शकतं. ईआरसीपीच्या वेळी पित्ताचाही नमुना घेता येतो. अहवाल आला की ताकदीचं औषध बंद करून साधं औषध देता येतं, किंवा चालू औषध निरुपयोगी असेल तर बदलता येतं. पण रुग्णानं रुग्णालयात येण्याआधीच मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या घेतल्या असतील, तर कल्चरमध्ये जिवाणू उगवत नाही आणि डॉक्टरांना अंदाजानंच पुढे जावं लागतं.

किती दिवस, याचं उत्तर अनेकांना अनपेक्षित वाटेल. नळी नीट मोकळी झाली असेल, तर त्यानंतर चार ते सात दिवस अँटिबायोटिक पुरेसं, असं टोकियो तत्त्वं सांगतात. रक्तात एन्टरोकोकससारखे जिवाणू सापडले, तर किमान दोन आठवडे. आणि नळी मोकळी झालीच नसेल, तर दिवस मोजण्यात अर्थ नाही. औषध थांबवलं की ताप परत येण्याची भीती राहतेच. ताप उतरला म्हणून डिस्चार्ज घेऊन घरी गेलेला रुग्ण काही दिवसांनी आणखी वाईट अवस्थेत परत येतो, त्याचं कारण बऱ्याचदा हेच असतं.

मग ते ८३ टक्के कुठून आले?

पित्तनलिकेतले जिवाणू आतड्यातूनच येतात. त्यामुळे आतड्यात कोणते जिवाणू वसतीला आहेत, यावर पुढच्या संसर्गाचं स्वरूप ठरतं. शरीरात असे जिवाणू असणं म्हणजे आजार नाही. माणूस वर्षानुवर्षं धडधाकट राहू शकतो. पण नळी तुंबली की तेच जिवाणू पित्तात उतरतात आणि तेव्हा नेहमीचं इंजेक्शन निकामी ठरू शकतं. ८३ टक्के हा आकडा मोठ्या रुग्णालयात पोहोचलेल्या, म्हणजे बहुधा आधीच बरेच उपचार झालेल्या रुग्णांचा आहे, हेही लक्षात ठेवायला हवं. रस्त्यावरच्या दर दहा माणसांतल्या आठ जणांना तो लावता येणार नाही.

तरी दिशा स्पष्ट आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, म्हणजे आयसीएमआर, देशातल्या मोठ्या रुग्णालयांमधून दरवर्षी माहिती गोळा करते. २०१७ मध्ये इकोलायच्या सुमारे ८१ टक्के नमुन्यांवर इमिपेनेम हे मेरोपेनेमच्या गटातलं औषध चालत होतं. २०२३ पर्यंत हे प्रमाण ६२ टक्क्यांच्या आसपास आलं. क्लेब्सिएलामध्ये घसरण आणखी मोठी आहे : सुमारे ५८ वरून ३५ टक्क्यांवर. पित्तनलिकेत सर्वात जास्त सापडणारे हेच ते दोन जिवाणू.

मुंबईला या धोक्याची चाहूल बरीच आधी लागली होती. ऑगस्ट ते नोव्हेंबर २००९ या काळात हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांना कार्बापेनेम गटाच्या औषधांना न जुमानणारे २४ जिवाणू मिळाले. त्यातल्या २२ मध्ये एनडीएम-१ नावाचं जनुक होतं. मार्च २०१० मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 'लॅन्सेट'च्या नियतकालिकात यावर मोठा अभ्यास आला आणि जनुकाच्या नावात 'नवी दिल्ली' असल्यामुळे वाद झाला. नावावरून बरंच बोललं गेलं, जिवाणू मात्र पसरत राहिले.

सरकारनं पावलं उचलली नाहीत असं नाही. १ मार्च २०१४ पासून 'शेड्यूल एच-१' लागू झालं. सेफ्ट्रिॲक्सोन, सेफिक्झाइम, लिव्होफ्लोक्सासिन, मेरोपेनेम अशी औषधं त्यात आहेत. ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, आणि डॉक्टर, रुग्ण आणि औषधाची नोंद दुकानदारानं वेगळ्या वहीत तीन वर्षं ठेवायची असते. जानेवारी २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयानं डॉक्टरांना अँटिबायोटिक लिहिताना त्याचं कारणही लिहायला सांगितलं, आणि औषध दुकानदारांना चिठ्ठीशिवाय ते न देण्याची आठवण करून दिली.

नियम आणि व्यवहार यात अंतर कशामुळे पडतं, हे समजायला गल्लीतलं रोजचं अर्थकारण पाहावं लागतं. उल्हासनगरमधल्या जीन्सच्या किंवा फर्निचरच्या कारखान्यात, अंबरनाथ आणि बदलापूरच्या एमआयडीसीत रोजंदारीवर काम करणाऱ्याला जुलाब लागले, तर एक दिवस दवाखान्यात घालवणं म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली. त्यापेक्षा मेडिकलवर सांगून चार गोळ्या घेणं स्वस्त पडतं. बरं वाटलं की उरलेल्या गोळ्या कपाटात जातात आणि पुढच्या तापाला निघतात. प्रत्येक वेळी आतड्यातले साधे जिवाणू मरतात आणि टणक जिवाणूंना जागा मिळते. पाणी जितकं दूषित, तितके जुलाब जास्त आणि तितक्या या फेऱ्या जास्त. वालधुनी आणि उल्हास नद्यांच्या प्रदूषणाचा प्रश्न वर्षानुवर्षं न्यायालयांपुढे आहे. तो पर्यावरणाइतकाच अँटिबायोटिकच्या ताकदीचाही प्रश्न आहे.

तीन शहरांत काय आहे आणि काय नाही?

२०११ च्या जनगणनेत उल्हासनगरची लोकसंख्या पाच लाखांवर, अंबरनाथची अडीच लाखांवर आणि कुळगाव-बदलापूरची पावणेदोन लाखांच्या घरात होती. त्यानंतर विशेषतः अंबरनाथ आणि बदलापूरमध्ये इमारतींची जी रांग लागली, ती पाहता आजचा आकडा बराच मोठा असणार.

सरकारी आरोग्यसेवेत उल्हासनगरचं मध्यवर्ती रुग्णालय, अंबरनाथचं डॉ. बी. जी. छाया रुग्णालय आणि बदलापूरचं ग्रामीण रुग्णालय ही मुख्य ठिकाणं. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. ताप-काविळीच्या रुग्णाला सलाइन लावणं, रक्त तपासणं, पहिलं अँटिबायोटिक देणं हे या पातळीवर होऊ शकतं. आणि ते तिथेच व्हायला हवं, कारण पहिल्या डोसची वेळ तासांत मोजली जाते.

ईआरसीपीचं तसं नाही. त्यासाठी पोटविकारतज्ज्ञ, एक्स-रेची खास यंत्रणा, भूलतज्ज्ञ आणि गरज पडली तर आयसीयू लागतं. उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांच्या ठरलेल्या सेवांमध्ये ती येत नाही. खासगीत कल्याण-डोंबिवली, ठाणे, नवी मुंबई इथल्या मोठ्या रुग्णालयांकडे जावं लागतं. ज्यांना तो खर्च झेपत नाही, त्यांच्यासाठी सायन, केईएम, नायर आणि जेजे ही मुंबईतली सरकारी व पालिका रुग्णालयं. बदलापूर स्टेशन सीएसएमटीपासून ६८ किलोमीटरवर आहे. यांतलं सर्वात जवळचं सायनही पन्नास किलोमीटरहून दूर. लोकलमधून हुडहुडी भरलेल्या रुग्णाला नेणं शक्य नसतं, आणि रस्त्यानं कल्याण-ठाण्याची कोंडी पार करायची असते. जुलै २०१९ मध्ये बदलापूर-वांगणीदरम्यान पुरात अडकलेली महालक्ष्मी एक्सप्रेस अनेकांना आठवत असेल. पावसाळ्यात कधी रूळ बंद, कधी रस्ता, हे इथे नवीन नाही.

मधल्या टप्प्यावर ताण किती असतो, हे ऑगस्ट २०२३ मध्ये राज्यानं पाहिलं. ठाणे महापालिकेच्या कळव्यातल्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात २४ तासांत १८ रुग्णांचा मृत्यू झाला. मृत्यूंची कारणं वेगवेगळी होती. पण त्यानिमित्तानं एक गोष्ट पुढे आली : ठाण्याच्या जिल्हा रुग्णालयाची पुनर्बांधणी सुरू असल्यामुळे जिल्ह्याच्या दूरदूरच्या भागांतले गंभीर रुग्ण कळव्यातच येत होते.

आता यात बदल होतोय तो अंबरनाथमध्ये. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते राज्यातल्या दहा नव्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं, त्यात अंबरनाथचं महाविद्यालय आहे. विद्यार्थ्यांच्या शंभर जागा आहेत. यामुळे ईआरसीपी लगेच अंबरनाथमध्ये होईल, अशी अपेक्षा ठेवणं घाईचं ठरेल. एमबीबीएसच्या महाविद्यालयाला पोटविकारांचा अतिविशेषोपचार विभाग सक्तीचा नसतो.

पण एक विभाग सक्तीचा असतो : सूक्ष्मजीवशास्त्र. म्हणजे कल्चर करणारी प्रयोगशाळा आणि ते वाचणारे डॉक्टर. ही प्रयोगशाळा फक्त विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिकांपुरती न ठेवता तिन्ही शहरांतल्या सरकारी रुग्णालयांचे नमुने तिथे गेले, तर वर्षभरात या भागात कोणता जिवाणू जास्त आहे आणि कोणतं औषध अजून चालतं, याचा तक्ता तयार होऊ शकतो. मोठी रुग्णालयं असा तक्ता वापरतात. असा तक्ता हाताशी असेल, तर छाया रुग्णालयातल्या रात्रपाळीच्या डॉक्टरला पहिलं इंजेक्शन अंदाजानं निवडावं लागणार नाही. ईआरसीपीची यंत्रणा उभारण्यापेक्षा हे काम कमी खर्चाचं आहे आणि त्याचा फायदा न्यूमोनियापासून मूत्रमार्गाच्या संसर्गापर्यंत सगळ्या रुग्णांना होईल.

विसरलेल्या स्टेंटचं काय?

दूर जाऊन उपचार घेण्याचा आणखी एक परिणाम फारसा चर्चेत येत नाही. ईआरसीपीत टाकलेला प्लास्टिकचा स्टेंट कायमचा नसतो. साधारण तीन महिन्यांत तो तुंबायला लागतो, म्हणून तो काढायची किंवा बदलायची तारीख दिली जाते. पण तोपर्यंत रुग्णाला बरं वाटत असतं. पुन्हा रजा, पुन्हा मुंबई, पुन्हा रांग या विचारानं तारीख पुढे ढकलली जाते, कागद हरवतो. मग एके दिवशी थंडी वाजून ताप येतो आणि सगळं चक्र पहिल्यापासून सुरू होतं. फरक एवढाच की या वेळी नळीतले जिवाणू आधीचं अँटिबायोटिक पचवून बसलेले असतात.

रुग्ण आणि नातेवाइकांनी काय लक्षात ठेवावं?

कावीळ आणि हुडहुडीचा ताप एकत्र असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. रुग्ण गोंधळल्यासारखा बोलत असेल, लघवी कमी झाली असेल किंवा हातपाय गार पडत असतील, तर १०८ ला फोन करावा.

जाताना आधी घेतलेल्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्यावीत. कोणतं अँटिबायोटिक कधी घेतलं, हे डॉक्टरांना सांगणं लाजेचं नाही, त्यावर पुढची निवड ठरते.

रुग्णालयात तीन प्रश्न विचारावेत. पहिला डोस देण्याआधी कल्चर पाठवलं का? नळी कधी आणि कुठे मोकळी होणार? आणि इथे होणार नसेल, तर पाठवायचा निर्णय आज घेता येईल का? ताप उतरेपर्यंत थांबून मग बघू, हे उत्तर मध्यम किंवा तीव्र आजारात महाग पडू शकतं. रुग्णाला हलवायचं ठरलं, तर पहिलं इंजेक्शन देऊनच हलवावं आणि कोणतं औषध किती वाजता दिलं, हे चिठ्ठीवर लिहून घ्यावं.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. आपल्या रुग्णाला लागणारा उपचार त्यात बसतो का आणि कोणत्या रुग्णालयात, हे योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून दाखल होतानाच विचारून घ्यावं.

घरी येताना पित्ताशयातल्या खड्यांचं पुढे काय करायचं, हेही विचारावं. नळीतला खडा निघाला तरी पित्ताशयात बाकीचे असतील, तर पुन्हा तेच होऊ शकतं. म्हणून बऱ्याच रुग्णांना पित्ताशय काढण्याचा सल्ला दिला जातो. स्टेंट टाकला असेल तर तो काढण्याची तारीख फोनमध्ये, कॅलेंडरवर आणि घरातल्या आणखी एका माणसाकडे नोंदवून ठेवावी.

पुढे काय?

बदलापूर ते सायन हे अंतर कमी होणार नाही. ईआरसीपीची सोय या पट्ट्यात सरकारी पातळीवर यायला वेळ लागेल. तोवर इथल्या रुग्णाचा भरवसा पहिल्या इंजेक्शनवर आहे. ते लागू पडलं तर मुंबई गाठायला एक-दोन दिवस मिळतात, नाही पडलं तर काही तासच. मेडिकलवर सहज मिळणाऱ्या चार गोळ्या आणि अर्धवट सोडलेली पाकिटं यांचा हिशेब शेवटी याच तासांत होतो. अंबरनाथच्या नव्या महाविद्यालयाची प्रयोगशाळा कोणासाठी उघडी राहणार आणि शेड्यूल एच-१ ची वही किती दुकानांत खरोखर भरली जाते, या दोन गोष्टींवर येत्या काळात लक्ष ठेवायला हवं.